मालिका एक नंबरपासूनच वाचायची, असं कुणी सांगितलं?

रहस्यकथा, विज्ञानकथा, फँटसी भरपूर वाचणाऱ्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो: अमुक लेखक वाचायचाय, सुरुवात कुठून करू? उत्तर बहुतेक वेळा घाईत दिलं जातं. एकतर लेखकाचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक सांगितलं जातं, नाहीतर ‘मालिका आहे ना, मग पहिल्यापासून घे’. दोन्हींत घात होऊ शकतो. गाजलेलं पुस्तक पुष्कळदा आधीच्या पाचसहा पुस्तकांच्या जोरावर उभं असतं, आणि पहिलं पुस्तक लिहिताना लेखकाचा हात अजून बसलेला नसतो.

टेरी प्रॅचेटची डिस्कवर्ल्ड मालिका घ्या. 1983 ते 2015 या काळात 41 कादंबऱ्या. पहिली ‘द कलर ऑफ मॅजिक’ म्हणजे तेव्हाच्या तलवार-जादूच्या कथांचं विडंबन आहे. मूळ कथा ज्याने वाचलेल्या नाहीत त्याला अर्धे विनोद कळतच नाहीत, आणि कथानकही तुकड्यातुकड्यांत जातं. एवढ्यावरून प्रॅचेटला कायमचा रामराम ठोकणारे वाचक खूप आहेत, याचं फार वाईट वाटतं. खरं तर या 41 पुस्तकांत अनेक उपमालिका आहेत: शहराच्या पहारेकऱ्यांची, चेटकिणींची, मृत्यू या पात्राची, जादूगारांची. पहारेकऱ्यांची वाट सगळ्यात भक्कम. ती ‘गार्ड्स! गार्ड्स!’पासून (1989, एकूण क्रमात आठवं) सुरू करा, मग ‘मेन ॲट आर्म्स’, मग ‘फीट ऑफ क्ले’. चेटकिणी हव्या असतील तर ‘वीर्ड सिस्टर्स’. एकच पुस्तक वाचून थांबायचं असेल तर ‘स्मॉल गॉड्स’, त्याला मागचंपुढचं काही लागत नाही.

‘नाइट वॉच’ हे या मालिकेतलं सर्वोत्तम पुस्तक असं पुष्कळ जण म्हणतात, मीही म्हणेन. पण ते नवख्याच्या हाती देऊ नये. त्यात सॅम व्हाइम्स हा पहारेकऱ्यांचा प्रमुख स्वतःच्या तरुणपणात फेकला जातो आणि तिथे त्याला कोवळा, नुकता भरती झालेला सॅम भेटतो. प्यायलेला, हरलेला, गटारात पडलेला व्हाइम्स आपण ‘गार्ड्स! गार्ड्स!’च्या पहिल्या पानांत पाहिलेला असेल, आणि पुढे त्याला उभं राहताना पाहिलं असेल, तरच त्या भेटीला वजन येतं. नाहीतर ती नुसती काळप्रवासाची युक्ती वाटते.

अगाथा ख्रिस्तीच्या बाबतीत उलटा प्रकार. तिची बहुतेक पुस्तकं कुठूनही उचलावीत, पण काही ठिकाणी जपून. ‘डम्ब विटनेस’मध्ये (1937) तिचा गुप्तहेर प्वारो बोलता बोलता आधीच्या चार प्रकरणांतल्या खुन्यांची नावंच घेऊन टाकतो. ती चार पुस्तकं म्हणजे ‘द मिस्टिरियस अफेअर ॲट स्टाइल्स’, ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’, ‘द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन’ आणि ‘डेथ इन द क्लाउड्स’. ही चारही वाचून झाल्याशिवाय ‘डम्ब विटनेस’ला हात लावू नका. ‘कार्ड्स ऑन द टेबल’ही ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’च्या नंतरच.

‘रॉजर ॲक्रॉइड’ पहिल्यांदा वाचायचं की नाही, यावर वाद होतो. माझं मत, आधी प्वारोची दोनतीन पुस्तकं वाचावीत. ख्रिस्ती धागेदोरे कसे पेरते, साक्षीदारांवर आपण किती विश्वास टाकतो, याची सवय झालेली असली की त्या पुस्तकाचा घाव नीट बसतो. पण फार लांबवूही नये, कारण ते रहस्य कुणीतरी फोडतंच. नव्या आवृत्तीची प्रस्तावना शेवटी वाचा. अभ्यासक प्रस्तावना लिहितात तेव्हा वाचकाला शेवट माहीत आहे असंच धरून चालतात. ‘कर्टन’ 1975 मध्ये छापलं गेलं, पण ते तिने दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून ठेवलं होतं. ते प्वारोचं शेवटचं पुस्तक आहे आणि त्यातली घटना पहिल्या पुस्तकातल्या स्टाइल्सच्या घरातच घडते. म्हणून ते सर्वांत शेवटी, आणि ‘स्टाइल्स’ न वाचता तर मुळीच नाही.

शेरलॉक होम्स सोपा आहे. चार कादंबऱ्या, 56 कथा. ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ने सुरुवात केली की मध्येच कथा युटाच्या वाळवंटात जाते, कितीतरी प्रकरणं होम्सचा पत्ता नसतो, आणि वाचक गोंधळतो. ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ शेरलॉक होम्स’मधल्या बारा कथा आधी वाचा, कादंबऱ्या मागाहून.

विज्ञानकथेत सगळ्यात जास्त पडझड आयझॅक असिमॉव्हच्या ‘फाउंडेशन’वर होते. 1951 ते 1953 मधली मूळ तीन पुस्तकं आधी. 1988 मध्ये आलेलं ‘प्रील्यूड टू फाउंडेशन’ काळाच्या हिशेबाने पहिलं असलं तरी ते पहिलं वाचू नये, कारण पुढे काय उभं राहणार हे ठाऊक असलेल्या वाचकासाठीच ते लिहिलंय. दुसरी अडचण नायकाची. पहिलं पुस्तक म्हणजे पाच जोडकथा आहेत. दर कथेत काही दशकं सरतात आणि ओळखीची झालेली माणसं मागे पडतात. जीव लावायला एक माणूस शोधणारा वाचक इथेच पुस्तक मिटतो. त्याला आधीच सांगावं की इथे नायक माणूस नाही, शतकानुशतकांसाठी आखलेली योजना आहे. आणि दुसऱ्या पुस्तकाच्या उत्तरार्धात ‘म्यूल’ हे पात्र येईपर्यंत सोडू नकोस. योजनेला तडा जातो तो तिथे, आणि मालिका खरी पेटते तीही तिथेच.

फ्रँक हर्बर्टचं ‘ड्यून’ (1965) अडतं ते शब्दांवर. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची आहे. छापील प्रतीत तिथे एक खूण घालून ठेवा, ई-बुकमध्ये पहिल्याच दिवशी बुकमार्क करा. नाहीतर पहिली पन्नास पानं नुसती अडखळण्यात जातात. दुसरी तक्रार ऐकू येते की फितूर कोण हे सुरुवातीलाच कळतं, मग मजा काय? हर्बर्टने ते मुद्दाम केलंय. ‘कोण’ यात त्याला रस नाही. घात होणार हे माहीत असताना माणसं त्याच्याकडे कशी चालत जातात, हा त्याचा विषय आहे. नायक पॉल हा खराखुरा तारणहार वाटला असेल, तर ‘ड्यून मसाया’ वाचलंच पाहिजे. त्याच्या पुढची पुस्तकं ज्याच्या त्याच्या आवडीवर.

नारळीकरांची ‘यक्षांची देणगी’ आवडली असेल, त्याला मी ‘ड्यून’ देणार नाही. त्याला आर्थर सी. क्लार्कचं ‘राँदेव्हू विथ रामा’ द्यावं. एक अनोळखी अवाढव्य यान, आत शिरलेली माणसं, आणि पायरीपायरीने उलगडत जाणारं विज्ञान. खलनायकाची गरजच पडत नाही. पुढचे भाग क्लार्कने जेंट्री ली यांच्यासोबत लिहिले आणि त्यांचा बाज पार वेगळा आहे, तेव्हा पहिल्यावरच थांबलं तरी चालतं. ज्याने नारायण धारपांची भयकादंबरी ‘लुचाई’ वाचलीय त्याला लगेच स्टीफन किंगचं ‘सेलम्स लॉट’ देऊ नये. ‘लुचाई’ त्यावरच बेतलेली आहे. त्याला ‘मिझरी’ द्या. दोन माणसं, एक घर, आणि भुताखेतांशिवाय घाम फोडणारी भीती.

शिफारस करण्याआधी समोरच्याला एवढंच विचारावं, की शेवटचं अर्धवट सोडलेलं पुस्तक कोणतं आणि का सोडलंस? आवडीनिवडीच्या यादीपेक्षा यातून जास्त कळतं. ‘नावं लक्षात राहिली नाहीत’ असं म्हणाला तर अर्सुला ले ग्विनचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ द्यावं. लहानसं पुस्तक, एकाच मुलाची गोष्ट, पण आतून केवढं खोल. ‘फार रेंगाळतं’ म्हणाला तर रॉबर्ट जॉर्डनच्या ‘द व्हील ऑफ टाइम’चं नावही काढू नये. 14 जाडजूड खंड, त्यातले आठवा ते दहावा फारच संथ. दहाव्यात बहुतेकांचा धीर सुटतो, अकराव्यात गती परत येते, आणि 2007 मध्ये जॉर्डन गेल्यावर शेवटचे तीन खंड ब्रँडन सँडरसनने पुरे केले. हे सगळं सुरुवातीलाच सांगून टाकावं. जॉर्ज मार्टिनची ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ ही मालिका सुचवताना, ठरलेल्या सातांपैकी पाचवं पुस्तक 2011 मध्ये आलं आणि त्यापुढचं अजून वाचकांच्या हाती नाही, हेही सांगायला हवं.

काही मालिका मात्र खरंच एक नंबरपासून वाचाव्या लागतात. स्वीडनच्या माय शोवाल आणि पेर वाल्यो या जोडीने पोलीस अधिकारी मार्टिन बेकच्या दहा कादंबऱ्या (1965 ते 1975) एक सलग काम म्हणूनच लिहिल्या. पहिली ‘रोझाना’ संथ आहे. तपास महिनोन्‌महिने चालतो, पोलीस थकतात, वाट पाहतात. तरीही ती टाळू नका. चौथ्या ‘द लाफिंग पोलिसमन’मध्ये बसमधल्या गोळीबारात बेकचाच एक तरुण सहकारी मारला जातो. आधीच्या पुस्तकांत तो आपल्याला भेटलेला असतो, फारसा डोळ्यांत न भरता.