पहिल्या नंबरचं कॉलेज

बार्शीच्या एसटी स्टँडसमोर माझं फॉर्म भरायचं दुकान आहे. बाहेरच्या बोर्डावर झेरॉक्स, लॅमिनेशन, उत्पन्नाचा दाखला, पॅन कार्ड अशी यादी पेंटरकडून रंगवून घेतलेली. तिच्या खाली मार्करनं मीच लिहिलेली एक ओळ आहे, 'इंजिनिअरिंगचे ऑप्शन फॉर्म भरून मिळतील'. जुलैअखेर दुकान त्या मार्करच्या ओळीवर चालतं.

२०२५ च्या पहिल्या फेरीचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे पसंतीच्या कॉलेजांची क्रमवार यादी, भरायचा शेवटचा दिवस होता. साडेअकराच्या सुमाराला एक गृहस्थ आणि त्यांचा मुलगा आले. गृहस्थ मार्केट यार्डात तोलाईचं काम करणारे, शर्टाच्या खांद्यावर ज्वारीचा भुसा तसाच.

"सायेब, एक प्रिंट काढायची हाय. फॉर्म पुण्याच्या सरांनी भरलाय. फकस्त लॉक करून प्रिंट काढा म्हनलेत."

दहा रुपयांचं काम. मी लॉगिन उघडलं. कागद चाळता चाळता गृहस्थ कौतुकानं म्हणाले, "बारावीला ५६ टक्केच पडले, पर सीईटीला ६२ पडलेत बघा. तिकडं निघालं हुशार."

मुलगा फरशीकडं बघायला लागला. त्याला ठाऊक होतं. वडलांना सांगायची हिंमत मात्र दीड महिन्यात झालेली नव्हती.

हे दरवर्षी कुणाला तरी मलाच सांगावं लागतं. सीईटीच्या निकालावर मार्क छापलेलेच नसतात, पर्सेंटाइल असतं, आणि घरात ते टक्के म्हणून वाचलं जातं. मी म्हटलं, "मामा, एकादशीला भगवंताच्या देवळात रांग लागते की नाही? त्यातली शंभर माणसं मोजली, तर ६२ तुमच्या पोराच्या मागं किंवा बरोबरीला आहेत. ३८ पुढं आहेत."

त्यांनी जरा विचार केला. "म्हंजे दर्शन हुतंय की."

"दर्शन होतंय. कुठल्या दारानं आत जायचं तेवढं बघायला लागंल."

आणि ते खरंच तसं आहे. त्या वर्षी सीईटीच्या पीसीएम गटाला, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सला, चार लाखांवर मुलं बसली होती. राज्यात इंजिनिअरिंगच्या जागा दोन लाखांच्या आसपास. पुढची ३८ टक्के म्हणजे दीड लाखाच्या वर मुलं धरली, त्यातली कुणी आयआयटीला, कुणी फार्मसीला, कुणी बीएस्सीला गेली, तर ६२ वाल्याला कुठंतरी जागा मिळणार म्हणजे मिळणारच. ९८ वाल्याला सीटची चिंता असते, म्हणून तो दहा ठिकाणी विचारून येतो. ६२ वाल्याला वाटतं आपल्याला कोण विचारतंय. मग जो कुणी विचारतो, त्याच्या मागं तो जातो. आणि विचारणारे बरोबर यांनाच हुडकत येतात, कारण रिकाम्या जागा भरायला हीच मुलं लागतात.

स्क्रीनवर यादी आली. १४ नावं. पहिलं सोडलं तर तेराही पुण्यातली नावाजलेली कॉलेजं. कॉम्प्युटर, आयटी, एआय. मी मनात म्हटलं, नेहमीचंच, कुणीतरी स्वप्नं विकलीत. ही तेरा ६२ ला लागत नाहीत हे सांगायला गेल्या वर्षीचा कटऑफ उघडायचीही गरज नव्हती. मात्र पहिल्या नंबरचं कॉलेज मला ओळखीचं वाटेना. पुण्याच्या बाहेर, हायवेला कुठंतरी. ब्रँच एआय अँड डेटा सायन्स. कटऑफच्या पीडीएफमध्ये शोधलं, तर शेवटच्या फेरीला ओपनची जागा विसाच्या आतल्या पर्सेंटाइलला गेलेली आणि खालचे कितीतरी रकाने कोरे. म्हणजे मागायलाच कुणी नव्हतं.

जे नाव यादीच्या तळाला असायला हवं, ते डोक्यावर. हे चुकून झालंय की मुद्दाम?

इथं नियम सांगायला हवा, नाहीतर त्यातली मेख कळणार नाही. त्या वर्षापासून इंजिनिअरिंगच्या कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत यादीतलं पहिलंच कॉलेज लागलं तर ते आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्कं होतं. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतलं लागलं तर, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतलं लागलं तर. एकदा फ्रीझ झालं की मुलगा पुढच्या फेऱ्यांतून बाद. म्हणजे ही यादी तशीच लॉक केली असती, तर पोराला पहिल्या फेरीत ते हायवेचं कॉलेज लागणार आणि तिथंच खेळ संपणार. खालची तेरा नावं नुसती आरास. घरच्यांना वाटलं असतं, वा, पहिल्या पसंतीचं मिळालं.

"सरांना किती दिले?"

"आठ हजार. तात्यानं दिले, माझा थोरला भाऊ. पुण्यात टेंपो हाय त्याचा."

मी मुलाला आधी पासवर्ड बदलायला लावला. मग त्या गृहस्थांना सगळं समजावून सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी, पण चेहऱ्यावर काही हललं नाही. शेवटी म्हणाले, "सायेब, तुमचं खरं आसंल. पर तात्यानं पैसे भरलेत. त्याचा शबुद कसा मोडू?"

मी तात्यांना फोन लावला. तात्या स्पीकरवर कडाडले. बार्शीत बसून पुण्याच्या माणसाला शिकवू नका, ते सर दरवर्षी शेकडो पोरं लावतात, आणि मेकॅनिकल, सिव्हिल घालून पोराचं वाटोळं करू नका, आजकाल कॉम्प्युटरशिवाय कुणी कुत्रं विचारत नाही. मी मेकॅनिकलचं नावही काढलं नव्हतं.

एरवी मी इथं माघार घेतो. दुकानदारानं गिऱ्हाइकाच्या भावकीत पडू नये. पण मुलगा तेवढ्यात पहिल्यांदा बोलला. "ते कॉलेज मी बघितलंय. तात्यानं नेलं होतं. दोन मजले बांधलेत, तिसऱ्याच्या नुसत्या सळया वर आल्यात." मग जरा थांबून म्हणाला, "लॅब दाखवा म्हटलं तर किल्ली नाही म्हणाले."

तात्या गप्प झाले. मला वाटतं, किल्लीचा प्रसंग त्यांच्याही डोक्यात कुठंतरी अडकला होता.

त्या शांततेत मला तोडगा सुचला. कॅपच्या वाटपाची एक गोष्ट लोकांच्या गळी उतरत नाही: वर अवघड नावं लिहिली म्हणून खालची हातची जात नाहीत. संगणक मेरिटच्या यादीनं वरून खाली येतो. तुमचा नंबर आला की तुमची यादी वाचतो. पहिलं भरलंय, पुढं. दुसरं भरलंय, पुढं. जागा दिसली की थांबतो. तेव्हा तात्यांची तेरा स्वप्नं वर राहू देत की! फक्त ती १ ते १३, आणि चौदाव्यापासून आपली. हायवेचं कॉलेज काढून टाकायचं. तात्यांचा शब्दही राहतो आणि पोरगंही वाचतं.

"माझी तेरा हायती तशी राहणार?" तात्या.

"एकाचाही नंबर खाली जाणार नाही."

"मंग करा."

दीड वाजला होता. दुकानात आणखी सहा पोरं ताटकळत होती. त्यांना चहा सांगितला आणि यादीला बसलो.

चित्रपटात असा मुलगा लपलेला हिरा निघतो, घरातला मिक्सर उघडून रोबो बनवतो. हा तसा नव्हता. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून ३०० पैकी १४१. ओपनला पात्रतेचे ४५ टक्के म्हणजे १३५, सहा मार्कांनी काठावर. कोडिंग आवडतं का विचारलं तर म्हणाला, "आवडत नाही असं नाही. कधी केलंच नाही." इतकं सरळ उत्तर त्या पंधरवड्यात मला कुणी दिलं नव्हतं. बाकी सगळ्यांना एआयची लहानपणापासून आवड होती.

मग आवडीचा नाद सोडला आणि पैशाकडं वळलो. वडील म्हणाले, वर्षाला सगळं धरून सत्तर हजार. त्याच्या वर गेलं तर आडत्याकडून उचल घ्यावी लागेल. उत्पन्न आठ लाखांच्या आत, त्यामुळं कॅपमधून प्रवेश घेतला तर राजर्षी शाहू योजनेत निम्मी ट्यूशन फी सरकार भरतं. मॅनेजमेंट कोट्यातून गेला तर ती सवलत नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी कान देऊन ऐकत होती. तिच्याकडं ओबीसीचे सगळे कागद होते, तिला २०२४ च्या निर्णयानं ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ. तिच्या घरी हे कुणाला माहीतच नव्हतं. तो वेगळाच किस्सा आहे.

टीएफडब्ल्यूएसचे, म्हणजे ट्यूशन फी पूर्ण माफ असलेल्या जागांचे पर्याय कोडला शेवटी 'टी' लावून वेगळे भरावे लागतात. मुलाला त्याची फार आशा होती. पण मंजूर जागांवर जादा पाच टक्केच जागा, आणि त्यांचा कटऑफ बहुतेक ठिकाणी ओपनच्याही वर जातो. तरी चार घातले. लिहायला काय जातंय?

कटऑफ बघताना मी शेवटच्या फेरीचा बघतो, कारण सरासरी मुलाचं नशीब तिथं उघडतं. आणि रकाना बघतो. बारावी बार्शीत झालेली म्हणून सोलापूर विद्यापीठातल्या कॉलेजांत तो 'एच'चा, म्हणजे घरचा. पुण्यात 'ओ'चा, बाहेरचा. घरच्यांना ७० टक्के जागा, बाहेरच्यांना ३०. पुण्याच्या मागं धावताना हेच विसरलं जातं. सोलापूर, पंढरपूर, सांगोला या पट्ट्यातली नावं काढली. धाराशिव, लातूरकडचीही घेतली.

ब्रोशरवर माझा विश्वास नाही. 'अपटू बारा लाख पॅकेज' यातला 'अपटू' एका पोराचा असतो. माझ्याकडं फॉर्म भरून गेलेल्या पोरांचे नंबर वहीत आहेत. त्यांना फोन लावतो आणि एकच विचारतो: तुमच्या वर्गातली किती पोरं पहिल्या वर्षाला ऑल क्लिअर झाली? पहिल्या वर्षाचं मॅथ्स, एम-वन, अशा मुलांना उभं आडवं कापतं. विषय राहून केटी लागत जातात, इयर डाउन होऊन वर्ष वाया जातं, मग कसली ब्रँच आणि कसलं प्लेसमेंट. त्या दिवशी एका जुन्या कॉलेजच्या पोरानं सांगितलं, "दादा, इथं सर सुट्टीतपण एम-वन घेतात. कटकट आहे नुसती." मी ते कॉलेज वर सरकवलं.

या मुलानं त्याच कॉलेजचं इलेक्ट्रिकल एका नव्या कॉलेजच्या कॉम्प्युटरच्या वर ठेवायला सांगितलं. मी मान डोलावली. मला वाटलं एम-वनचा परिणाम झाला. मग म्हणाला, "तिथं माझा दोस्त जातोय. रूम शेअर होईल." खोलीभाडं निम्मं होतं म्हटल्यावर वडलांनीही मान डोलावली. मी वाद घातला नाही. दोन तास कटऑफ चाळूनसुद्धा मला त्याहून भक्कम कारण सापडलं नव्हतं.

यादी ४१ वर गेली. शेवटचं नाव टाकण्याआधी दोघांना विचारलं, हे एकटंच लागलं तर जाणार का? मुलगा नाही म्हणाला. ते काढलं. ४०.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो. पहिल्या फेरीत त्याला यादीतलं खालचं एक लागलं, फ्रीझ केलं नाही. दर फेरीआधी यादी नव्यानं भरता येते. तिसऱ्या फेरीला तात्यांच्या तेरांतली दोनच राहिली होती, तीही वडलांनी भावाच्या मानासाठी ठेवली म्हणून. त्या फेरीत ते इलेक्ट्रिकल लागलं. आत्ता तो तिथंच आहे. पहिल्या सेमिस्टरला एक विषय राहिला. मॅथ्स नव्हे, ग्राफिक्स.

पण तो दिवस माझ्या लक्षात राहिला तो वेगळ्याच कारणानं. चारला फॉर्म लॉक झाला, वडलांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी मुलानं वाचून टाकला, प्रिंट निघाली. त्यांनी दहा रुपये ठेवले. मी जास्त मागितले नाहीत. दहाच ठरले होते. ते गेल्यावर ताटकळलेल्या पोरांपैकी पुढच्याला बसवलं.

अर्ध्या तासानं फोन वाजला. तेच गृहस्थ, मागं यार्डातला गलका.

"सायेब, मोबाइलवर आनि एक नंबर आलाय. पोरगं म्हनतंय पासवर्ड बदलायचा हाय. आमी तर काय केलं न्हाई."

पासवर्ड आम्ही बदलला होता. आता तो कुणीतरी पुन्हा बदलायला बघत होतं.

"पुन्याहून फोनबी आलता. सर म्हनले, तो नंबर सांगा जरा. सांगू का?"

"मामा, कुणालाच सांगू नका."

"तात्याला?"

"तात्यालाबी नको."

पलीकडं जरा वेळ नुसता वजनकाट्याचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला.