तेरे, केर आणि ताक

गोव्यातल्या आमच्या डिचोलीत मृगाचा पाऊस पडला की रानभाजी शोधायला दूर जावे लागत नाही. टायकिळा कुंपणाशीच उगवतो आणि विहिरीच्या काठी तेरे, म्हणजे रानटी अळू, दाटतात. आईची काळजी एवढीच असते की तेऱ्यांत आंबाडे किंवा सोले घालायचे राहू नये, कारण आंबटाशिवाय शिजवलेले तेरे घशाला अशी खाज आणतात की जेवणारा ताटावरून उठतो. त्यामुळे रानभाजी ओळखणे हे अर्धेच काम, तिच्यातला दोष काढणे हे उरलेले अर्धे, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. मात्र त्याचा खरा अर्थ मला राजस्थानातल्या थरच्या वाळवंटात, ओसियांजवळच्या एका ढाणीत, म्हणजे छोट्या वस्तीत, कळला.

यजमानीणबाईंच्या सासूबाईंना, म्हणजे दादीसांना, एप्रिलअखेरीस केर नावाच्या झुडपाची फळे वेचायला जायचे होते, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर निघाले. केर म्हणजे आपल्याकडची नेवती. पाने जवळजवळ नसतात, नुसत्या हिरव्या काटेरी फांद्यांचे जाळे असते. फळे वाटाण्याएवढी आणि कोवळी असतानाच तोडायची, कारण पिकून लाल झाली की ती या भाजीच्या उपयोगाची राहत नाहीत. मी तिथेच एक तोंडात टाकले आणि दादीसा पदर तोंडाला लावून हसल्या. तो कडूपणा दुपारच्या जेवणापर्यंत जिभेवरून हलला नाही.

घरी आल्यावर त्यांनी केर मातीच्या मडक्यात घालून त्यावर मीठ आणि पातळ ताक ओतले. रोज सकाळी त्या ते पाणी बदलत, दोन केर बोटांत दाबून पाहत आणि पुन्हा झाकण ठेवत. हिरवा रंग उतरून फळे पिवळसर झाली, तेव्हा ती धुऊन उन्हात टाकली. त्यांनी दिवस काही मोजले नाहीत. शेजारी खेजडीच्या कोवळ्या शेंगा, म्हणजे सांगरी, उकडून वाळत पडल्या होत्या. खेजडी म्हणजे आपली शमी! दसऱ्याला जिची पूजा करतो, त्या झाडाची भाजी होते, हे मला त्या अंगणात समजले. 1868-69 च्या राजपुतान्यातील दुष्काळात लोकांनी याच झाडाची साल दळून खाल्ली होती. 1983 मध्ये राजस्थानने तिला राज्यवृक्ष ठरवले.

औषधी वनस्पतींबद्दल मी थोडी सावध आहे. वाळूवर पसरणाऱ्या वेलीची ती देखणी फळे, म्हणजे आपले कडू वृंदावन, तिथे तुंबा म्हणून ओळखली जातात. त्याचा गर जबरदस्त रेचक असल्याने जाणकाराशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. तरीही त्याच्या बिया पुन्हा पुन्हा धुऊन, कडूपणा काढून, टंचाईच्या दिवसांत बाजरीच्या पिठात मिसळल्या जात. गुग्गुळाची गत वेगळी आहे. डिंकासाठी खोडाला खोल घाव घालण्याच्या हव्यासापायी तो आज अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत जाऊन बसला आहे. केर वेचताना दादीसा मात्र प्रत्येक झुडपावर काही फळे ठेवून पुढे जात होत्या. कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "पक्ष्यांना काय सांगू?"

निघताना त्यांनी वाळवलेल्या केर-सांगरीची पुरचुंडी माझ्या हाती दिली. ती मी डिचोलीला आणून फडताळात नुसत्या कापडात ठेवली, हा माझा मूर्खपणा. वाळवंटात वर्षभर टिकणारी ती भाजी आमच्या जुलैच्या दमट हवेत तीन आठवड्यांत पांढऱ्या बुरशीने माखली. आईने वरचा थर काढून टाकला, उरलेली डोळे मिटून फेकून दिली आणि मला विचारले, "ताक शिकून आलीस, आणि बरणी कोण शिकवणार?"