तुम्ही विचारलंत म्हणून: मागच्या सीटची स्क्रीन बंद का?

“मुलांच्या अभ्यासासाठी हौसेने स्क्रीन बसवलीत, मग ती सदा बंद का?” हा प्रश्न आमच्या गाडीत बसणारा प्रत्येक जण विचारतो आणि मी दर वेळी “बिघडलीय” म्हणून वेळ मारून नेतो. ती बिघडलेली नाही.

मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती, रस्ता वळणांचा होता आणि अपूर्णांकांचा धडा चालू होता. “बाबा, मळमळतंय,” असे ती म्हणाली, तेव्हा आरशात न पाहताच मी म्हणालो, “एवढा धडा संपव, मग बंद कर.” तिने तो संपवला. दहापैकी नऊ उत्तरे बरोबर आल्याबद्दल स्क्रीनने टाळ्या वाजवल्या, आणि त्या वाजत असतानाच तिला उलटी झाली. मी सीट पुसत होतो आणि ती मला “सॉरी बाबा” म्हणत होती.

आतल्या कानाला गाडीची हालचाल जाणवते, डोळ्यांपुढचा मजकूर मात्र स्थिर असतो, आणि या विसंगतीमुळे मळमळते. साधारण दोन ते बारा या वयात हा त्रास अधिक होतो, हे मी आधीच वाचलेले होते. तरीही तिचे म्हणणे मी अभ्यास टाळण्याचे निमित्त मानले.

मी यंत्रांच्या विरोधात नाही, हेही ऐकून घ्या. परतताना पुढे पाहत बसलेल्या तिनेच विचारले, की काटा ८० दाखवतो आणि नकाशा ७६, तर खरे कोण? काटा चाकांच्या फिरण्यावरून वेग ठरवतो आणि तो खऱ्या वेगापेक्षा कमी दिसू नये असा अनेक देशांत नियम असल्याने थोडा चढाच दाखवतो. नकाशा वेग उपग्रहांच्या संकेतांवरून काढतो, आणि त्यासाठी त्याला किमान चार उपग्रहांचे संकेत लागतात. यातले निम्मे मला घरी जाऊन शोधावे लागले. आता गोष्टी स्पीकरवर ऐकतो, ट्रिप मीटर (त्या प्रवासाचे अंतर मोजणारा आकडा) शून्यावर आणून सरासरी वेग काढतो.

पण धाकट्याला गाडी लागत नाही, आणि सरळ रस्त्यावर तो त्याच स्क्रीनवर आनंदाने शिकतही होता. मग ही बंदी त्याच्या भल्यासाठी, की माझ्या अपराधी मनासाठी? परवा त्याने विचारले, “बाबा, खरंच बिघडलीय का?” मी म्हणालो, “दाखवायला न्यायचीय.”