अठरा इंची फणसाची फळी सरळ करताना

खानापूरकडं मामांच्या मळ्यात एक फणस पडला होता, त्याच्या फळ्या पाडून आणून दोन वर्षं माळ्यावर मधे मधे पट्ट्या घालून ठेवल्या होत्या. यंदा त्यातली सगळ्यात मोठी, 18 इंच रुंद, 5 फूट लांब, 2 इंच जाड, टीपॉयसाठी खाली काढली. फरशीवर ठेवून कोपरा दाबला तर डुगडुग. स्केल आडवी धरली तर मधे सात-आठ मिलिमीटर फट, पेन्सिल आरामात सरकत होती, आणि वर एका कोपऱ्याला पीळ. लाकूड वाळताना खोडातल्या वाढीच्या गोल वर्तुळांच्या दिशेनं जेवढं आक्रसतं ते गाभ्याकडनं सालीकडं आक्रसण्याच्या साधारण दुप्पट, त्यामुळं सालीकडची बाजू खोलगट होते, हे ऐकून माहीत होतं, पण स्वतःच्या फळीत बघितलं की पोटात गोळाच येतो.

माझ्याकडं एवढ्या रुंदीचं मशीन नाही, म्हणून एका वखारीत नेली. त्यांच्या मोठ्या थिकनेसरमधून (रोलरनं फळी आत ओढून पात्यांनी सारख्या जाडीची तासणारं मशीन) दोन्ही बाजूंनी काढून आणली, आरशासारखी गुळगुळीत, पैसे दिले, खुशीत घरी आलो. फरशीवर ठेवली, परत डुगडुग! जाडी सगळीकडं अगदी सारखी, पण मधली फट आठ मिलिमीटरची फार तर पाच झाली होती. आमच्या गल्लीत एक म्हातारे सुतार आहेत, सगळे अण्णाच म्हणतात, त्यांना दाखवली तर हसले. "अरे, रोलर तिला दाबून सपाट करतोय, पाती वरनं तासतायत, बाहेर आली की ती परत आपल्या जागी. खालनं आधार काय दिलास सांग की." कशाचा आधार, मी नुसती आत ढकलली होती.

मग राउटरची (फिरत्या पात्यानं, म्हणजे बिटनं, लाकूड कोरणारं हातातलं मशीन) गाडी केली. दोन बाजूला ॲल्युमिनियमच्या बॉक्स सेक्शनचे रूळ (खिडक्या बनवणाऱ्याकडनं उरलेले तुकडे मिळतात), त्यावर 18 मिलिमीटर प्लायची पाटी, पाटीवर राउटर. खोलगट बाजू खाली घालून जिथं जिथं फळी हलत होती तिथं पातळ पाचरी सरकवल्या आणि गरम ग्लूचा एकेक थेंब, पाचर नुसती टेकायची, ठोकायची नाही, नाहीतर वखारीतलीच गंमत परत. पीळ बघायला दोन सरळ सेक्शन दोन टोकांना आडवे ठेवले आणि वाकून एका डोळ्यानं बघितलं, दोघांच्या वरच्या कडा समांतर दिसेपर्यंत पाचरी मागं पुढं.

एक इंची बिट, दर फेरीला एक मिलिमीटर. भुसा हळदीसारखा पिवळा, मास्क लावूनसुद्धा दोन दिवस नाकातनं पिवळंच येत होतं. मधेच करंट गेला ते वेगळंच. एक बाजू संपल्यावर स्केल लावली तर मधे हलकासा खड्डा, कारण राउटरच्या वजनानं पाटीच खाली वाकत होती, मग तिच्या दोन्ही कडांना अँगल मारले आणि पूर्ण बाजू परत केली. दुसऱ्या बाजूला पाचरींची गरजच नाही, सरळ बाजू खाली घालून तासायचं.

रात्री दमून तशीच फरशीवर आडवी टाकून झोपलो. हा खरा गाढवपणा! बाहेर आषाढातला पाऊस, वरची बाजू ओली हवा पितेय, खालची फरशीला चिकटलेली, सकाळी मधे दोन मिलिमीटर वर आलेली. डोकं फिरलं, पण अण्णा म्हणाले हात लावू नकोस, भिंतीशी कडेवर उभी कर, दोन्हीकडनं वारं लागू दे. पाचव्या दिवशी अर्धा मिलिमीटर उरला, तो रंध्यानं आडवा मारून काढला.

आता जाडी सव्वा इंचाच्या आसपास राहिलीय. पाय बसवताना स्क्रूची भोकं रुंदीच्या दिशेनं लांबट पाडलीत, पावसाळ्यात फुगली तर सरकायला जागा पाहिजे. रंग अजून पिवळाधमक, अण्णा म्हणतायत हळूहळू काळपट होईल.