तुम्ही विचारलंत म्हणून: शनिवार-रविवार गिरगावातच

आमच्या बँकेत दुसरा आणि चौथा शनिवार सुटीचा. शुक्रवारी संध्याकाळी काउंटर बंद झाले की कोण माथेरानला, कोण अलिबागला, कोण गावी जाणार याची चर्चा सुरू होते आणि फिरत फिरत प्रश्न माझ्यापर्यंत येतो. "तुम्ही परत मुंबईतच? दोन दोन दिवस गिरगावात करता तरी काय?" बॅग उचलता उचलता मी इतकी वर्षं "असंच, फिरतो जरा" एवढंच म्हणत आले. एकदा नीट सांगायला हवं, कारण हे दोन दिवस मला मनापासून आवडतात.

आम्ही घरात चौघं. मी, नवरा, सातवीतली लेक आणि सासरे, म्हणजे अण्णा. अण्णा एकोणऐंशी वर्षांचे आहेत. गिरगावातल्याच एका छापखान्यात त्यांनी एकतीस वर्षं खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवले. उजव्या हाताने केसमधून, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीतून, खिळा उचलायचा, डाव्या हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या पट्टीत, बसवायचा, न बघता. छापखाना बंद झाला, पण अक्षरं बघायची त्यांची सवय काही गेली नाही. दुकानाच्या पाटीवर वेलांटी चुकलेली असली की ते थांबतात. दगडात कोरलेलं काही दिसलं की हात लावून बघतात. आमचा शनिवार-रविवार कसा जातो ते या सवयीमुळे ठरलं आहे.

पद्धत एकच. एका दिवशी एकच जागा, आणि तीच जागा पुन्हा पुन्हा. नवीन ठिकाणांची यादी आम्ही करत नाही. चार-पाच जागा ठरलेल्या आहेत, वर्षभर त्याच आलटून पालटून येतात.

त्यातली पहिली बाणगंगा. सहाला घरातून निघायचं, चौपाटीवरून चालत तीन बत्तीपर्यंत. तिथून वरचा चढ अण्णांना आता झेपत नाही, तेवढ्यासाठी टॅक्सी. खाली उतरलं की मलबार हिलचे टॉवर पाठीमागे राहतात आणि समोर दगडी दीपमाळा, पायऱ्या आणि पाणी. समुद्र अगदी हाकेच्या अंतरावर, तरी तळ्याचं पाणी गोडं. सीतेच्या शोधात निघालेल्या रामाला तहान लागली आणि त्याने बाण मारून इथे पाणी काढलं, अशी कथा आहे. तळ्याच्या मधोमध एक खांब आहे, तो त्या बाणाची जागा दाखवतो म्हणतात. रामाने पूजेसाठी वाळूचं लिंग केलं, म्हणून वाळुकेश्वर, त्याचंच पुढे वाळकेश्वर झालं. लेकीला ही गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली तेव्हा ती चार वर्षांची होती. आता तिला त्यात झऱ्याचं विज्ञान हवं असतं. पण पायरीवर बसून बदकं बघताना अजूनही ती बोलत नाही. बाजूला कुणाचं तरी दिवसाचं कार्य चाललेलं असतं, गुरुजी नाव-गोत्र विचारत असतात. आम्ही अर्धा-पाऊण तास बसतो आणि परत येतो. आठ-साडेआठला ठाकुरद्वारला मिसळ. बस, शनिवार सकाळ झाली.

संध्याकाळी खोताच्या वाडीतून एक फेरी. लाकडी जिने बाहेरून वर गेलेली ती ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती, लोकांची घरं आमच्यापासून पाच मिनिटांवर आहेत. त्यातली बरीच गेली. उरली आहेत त्यांच्यासमोरून सावकाश चालायचं, फोटोसाठी कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, एवढं आम्ही पाळतो. केळेवाडीत साहित्य संघात बरं नाटक असलं तर तिकडे. येताना पणशीकरांकडे पीयूष.

रविवार मात्र फोर्टचा. सीएसएमटी बघायला जगभरातून लोक येतात आणि त्यांनी यावंच. २००४ साली ती इमारत जागतिक वारशाच्या यादीत गेली. पण आम्ही रोज तिच्या खालून धावतपळत जाणारी माणसं, म्हणून रविवारी ती वगळतो आणि हॉर्निमन सर्कल गाठतो. आठवडाभर जिथे पाय ठेवायला जागा नसते, तिथे रविवारी सकाळी कबुतरांच्या पंखांचा आवाज ऐकू येतो. टाउन हॉलच्या, म्हणजे एशियाटिक लायब्ररीच्या, तीस पायऱ्या. इमारत १८३३ सालची. आत नाना शंकरशेटांचा पुतळा आहे, आणि नाना आपल्या गिरगावचे, ही गोष्ट अण्णा दर वेळी सांगतात. आम्ही दर वेळी ऐकतो.

तिथून शेजारीच सेंट थॉमस कॅथेड्रल. १७१८ साली ते उघडलं, तेव्हा मुंबई म्हणजे तटबंदीच्या आतलं गाव होतं. तटाचा जो दरवाजा या चर्चच्या रस्त्यावर होता तो चर्चगेट. १८६० च्या दशकात तट पाडला, दरवाजा गेला, नाव तेवढं राहिलं आणि आपण रोज त्या नावाची लोकल पकडतो. सकाळची प्रार्थना संपेपर्यंत आम्ही बाहेर थांबतो. मग आत. भिंतींवर संगमरवरी स्मृतिफलक आहेत, कितीतरी जण पंचविशी-तिशीत गेलेले. लेक नावं आणि वयं वाचते, अण्णा अक्षरं वाचतात. दोन शब्दांत अंतर किती सोडलंय, ओळ शेवटी कशी आवळून बसवलीय. "जागा पुरली नाही बघ त्याला," ते म्हणतात, जणू तो कोरणारा शेजारच्या केसवर उभा राहून काम करत होता.

आणि आता जे मला खरं सांगायचं होतं ते. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात मुंबईतली अंतरं या चर्चपासून मोजत. दर मैलाला एक काळा दगड, त्यावर रोमन आकडा आणि 'सेंट थॉमस चर्चपासून इतके मैल' असा इंग्रजी मजकूर. डॉ. आंबेडकर रोडवर, इकडेतिकडे, असे काही दगड अजून आहेत. रस्ते वर येत गेले आणि दगड खाली खाली जात राहिले. काही फुटपाथखाली बुडाले, काही अलीकडे महापालिकेने खणून वर काढले. लेकीने शाळेत याबद्दल ऐकलं आणि तीन वर्षांपूर्वी आमचा एक उद्योगच सुरू झाला. महिन्यातून एका रविवारी एक दगड.

पहिला सापडला तेव्हा त्याला टेकून एका फुलवाल्याची टोपली होती. अण्णांनी विचारलं, त्याने टोपली सरकवली आणि स्वतःच्याच बाटलीतलं पाणी घालून दगड पुसूनही दिला. रोज त्याला टेकून बसतो, पण हे लिहिलेलं काय आहे ते माहीत नव्हतं, म्हणाला. अण्णा फुटपाथवर बसले. गुडघे दुखतात म्हणून एरवी ते खुर्चीशिवाय बसत नाहीत. पिशवीतून पातळ कागद काढला, एक कोपरा मला धरायला दिला, एक नवऱ्याला. लेकीला पेन्सिल आडवी धरायला शिकवली. दाबायचं नाही, नुसतं घासत जायचं. कागद हळूहळू करडा होत गेला आणि त्यातून पांढरी अक्षरं वर येऊ लागली. डोळ्यांना जे फक्त खरचटल्यासारखं दिसत होतं, ते कागदावर स्वच्छ वाचता आलं. लेक ओरडलीच. अण्णा म्हणाले, "प्रूफ निघालं."

तेव्हापासून घरात एक फाइल आहे. दगड, तारीख, कोण कोण होतं, त्या दिवशी काय खाल्लं. फुलवाल्यालाही त्याच्या दगडाची एक प्रत नेऊन दिली. काही रविवारी दगड सापडत नाही, सांगितलेल्या जागी नुसतं खोदकाम असतं. तो दिवसही फाइलमध्ये नोंदवला जातो.

पावसाळ्यात हे जमत नाही, मग भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ सालचं ते, आतून दागिन्यासारखं. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचं ठरवलं आणि उचलताना तो खाली पडून फुटला. तुकडे जोडून पुन्हा उभा केलाय. लेकीला आतल्या सगळ्या वस्तूंपेक्षा तोच आवडतो. छत्री घेऊन त्याच्यापुढे ती बराच वेळ उभी राहते. बुधवारी संग्रहालय बंद असतं, आम्हाला त्याने फरक पडत नाही.

परतीला आता मेट्रो आहे. हुतात्मा चौकात बसलं की तिसरं स्टेशन गिरगाव. अण्णांसाठी हे फार मोठं काम झालं. नाहीतर त्यांचं फोर्टला येणं थांबलंच होतं.

आमच्या चाळीच्या पुनर्विकासाचे कागद झाले आहेत. दिवाळीनंतर घरं रिकामी करायची. गेल्या रविवारी आम्ही कुठेच गेलो नाही. चाळीच्या दरवाजावर मालकांनी बसवलेला एक दगड आहे, वर शके १८४८ आणि खाली चाळीचं नाव. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तो रंगाखाली आहे, दर दिवाळीला एक हात चढायचा. नवऱ्याने शिडी लावली. अण्णांना वर चढू देणं शक्य नव्हतं, ते खालून सांगत राहिले, लेक वर. रंगाचा थर जाड, अक्षरं नीट उठेनात. तिने पुन्हा नवा कागद लावला. 'चाळ' मधला ळ आला, मग मागचा चा.

"ल कसा आहे बघ, नावातला," अण्णांनी खालून विचारलं. फोनवर दिसतो तो दंडाचा ल त्यांना चालत नाही.

"आपला आहे, अण्णा," ती म्हणाली. "दोन्ही पोटांचा."

अण्णांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि दारातच वाचत उभे राहिले. पहिल्या मजल्यावरच्या काकू वरून विचारत होत्या, काय मिळालं म्हणून. एक प्रत त्यांनाही हवी आहे.