चवथ झाली की देतो

सायकलची फ्रेम रंगवायला पाच महिने लागले. त्यातले चार एका गॅरेजच्या खिळ्यावर.

फ्रेम जुनी, सेकंडहँड. नळ्या कार्बन फायबरच्या, सांधे ॲल्युमिनियमचे, इपॉक्सीने चिकटवलेले. आधीच्या मालकाने गोव्यात, वास्कोला समुद्राजवळ ठेवलेली. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये खारा ओलावा शिरला, की बॅटरीसारखा प्रकार होतो आणि ॲल्युमिनियम झिजतं. सांध्याजवळचा फोड नखाने उकरला, तर पांढरी पूड सांडली.

पावडर कोटिंगवाला, म्हणजे रंगाची पूड भट्टीत भाजून बसवणारा, म्हणाला, ‘सकाळी भट्टीत, संध्याकाळी घेऊन जा.’ भट्टी १८०-२०० अंशांची! इपॉक्सीचे सांधे तिथेच सुटले असते. फ्रेम काखोटीला मारून निघालो. रंग घरीच पॉलिश पेपरने उतरवला.

मग जूनमध्ये गाड्या रंगवणारा पेंटर गाठला. आधी पाऊस, मग कॉम्प्रेसर बिघडला, मग ‘फाल्यां’, म्हणजे उद्या, शेवटी ‘चवथ झाली की देतो’. चवथ म्हणजे गणेशचतुर्थी. दर शनिवारी फोंड्याहून म्हापशाला खेप. एकदा पाहतो तर माझ्या फ्रेमवर कुणाचातरी ओला रेनकोट वाळत घातलेला, थेंब थेट उघड्या ॲल्युमिनियमवर! घासलेलं ॲल्युमिनियम खरं तर त्याच दिवशी प्रायमरखाली जायला हवं. माझा पारा चढला. आजच्या आज रंगव म्हणून तिथेच बसलो. बाहेर पाऊस कोसळत होता. त्याने मुकाट्याने घासून प्रायमर, रंग आणि वर क्लिअर लॅकर मारलं. तासाभरात लॅकर ताक ओतल्यासारखं पांढरट पडलं. दमट हवेत असंच होतं.

‘हांवें सांगिल्लें न्ही?’ तो म्हणाला. सांगितलं होतं खरं.

पुन्हा घरी बलकावात, म्हणजे पुढच्या ओसरीत, घासत बसलो. हो, घासताना पाणी लावायचंच आणि मास्क घालायचा. कार्बनची धूळ छातीत जायला नको. नळीवरून काळं पाणी गळायला लागलं की हात थांबवायचा, पुढे धागेच कापले जातात. आणि पेंट रिमूव्हर कुणी कितीही सुचवला तरी नाही. तो रंगाबरोबर इपॉक्सीही खातो.

नोव्हेंबरात, कोरड्या हवेत, त्याच पेंटरने दोन दिवसांत काम केलं. लॅकर आरशासारखं. पैसे मात्र दोन्ही वेळचे घेतले.