तुम्ही विचारलंत म्हणून: भंगारातून हे सुचतं कसं?

शाळेत मुलांबरोबर खेळणी करून झाली, की न्यायला आलेल्या पालकांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, "सर, हे सगळं तुम्हाला सुचतं कसं?" आवराआवरीत मी काहीतरी थोडक्यात बोलतो. आज नीट सांगतो.

आधी कल्पना आणि मग सामान, असं माझं क्वचितच होतं. सामान आधी येतं. सायकलची झिजलेली साखळी, वाइंडिंगवाल्याकडे उरलेली तार, पुण्याच्या जुन्या बाजारातला आवाज गेलेला स्पीकर. ते हातात घेऊन वाकवायचं, फिरवायचं, कुठे अडतं ते पाहायचं. साखळी एका अंगाने सहज वळते, दुसऱ्या अंगाने ताठ राहते. म्हणून जमिनीवर तिचा साप झकास होतो, पण बगळ्याची मान करायची तर कडी न् कडी वेल्डिंगने पक्की करावी लागते. १९४२ साली पिकासोने सायकलचं सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. दोनच वस्तू! ते दिसण्यासाठी सायकलकडे किती बघितलं असेल!

खेळण्यांच्या बाबतीत मी अरविंद गुप्तांचा ऋणी आहे. आयआयटीतून इंजिनिअर होऊन पुण्यात टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) लागलेला हा माणूस १९७८ साली रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादला खेड्यातल्या मुलांना विज्ञान शिकवायला गेला. जोडायला सायकलच्या रबरी व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे आणि गुल खरवडलेल्या आगकाड्या, एवढ्यावर त्यांनी भूमिती उभी केली. चार काड्यांचा चौकोन बोटाने ढकलला की कलंडतो, त्रिकोण हलत नाही. पूल आणि छपरं त्रिकोणांवर का उभी असतात, हे मुलाच्या बोटांना कळतं.

त्यांच्या खेळण्यांतली मोटर मला सगळ्यात प्रिय. सेलभोवती तांब्याच्या तारेचे दहाएक वेढे घेऊन वेटोळं काढायचं, दोन टोकं समोरासमोर सरळ ठेवायची. सेलच्या दोन्ही बाजूंना सेफ्टी पिना, त्या धरायला सायकलच्या ट्यूबची पट्टी, सेलच्या वर चुंबक, आणि पिनांच्या भोकांत वेटोळ्याची टोकं. खरी गंमत टोकांत आहे. तारेवर वार्निश असतं. एका टोकाचं सगळीकडून खरवडायचं, दुसऱ्याचं फक्त अर्ध्या बाजूचं. पूर्ण खरवडलं तर वेटोळं नुसतं थरथरतं, कारण अर्ध्या फेरीनंतर चुंबक त्याला उलटं ढकलू लागतं. अर्धं वार्निश ठेवलं की नेमका त्याच वेळी करंट तुटतो आणि वेटोळं आपल्याच वेगाने पुढे जातं. मग ते भिरभिरत राहतं, आणि वर्गात जो आवाज होतो त्यासाठी मी दर वेळी पिशवी भरून निघतो. (फार वेळ चालू ठेवू नका, तार तापते.)

विकतची खेळणी वाईट नसतात, पण बहुतेक उघडता येत नाहीत. मुलाने स्वतः केलेलं बिघडलं, तर कुठे हात घालायचा हे त्याला ठाऊक असतं. माझ्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

तुम्हाला घरी करायचं असेल, तर बंद पडलेला रिमोट, सेल काढून, स्क्रू ड्रायव्हरसह मुलाच्या हातात द्या आणि आपण शेजारी बसा. मोबाइलची बॅटरी, सीएफएलचे दिवे आणि कीटकनाशकाच्या बाटल्या मात्र मी माझ्या पिशवीत कधीच घेत नाही. तुम्हीही घेऊ नका.